रोंडो आणि सोनाटा-रोंडो यांतील फरक ऐकून कसा ओळखावा?

प्रश्न
१७९९ साली प्रकाशित झालेल्या बीथोव्हनच्या 'पॅथेटिक' या पियानो सोनाट्याच्या (ओपस १३; सोनाटा म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना) अखेरच्या भागावर 'रोंडो' (मुख्य धून परत परत येणारी रचना) असे छापलेले असते, परंतु काही अभ्यासक त्याला सोनाटा-रोंडो, म्हणजे रोंडो आणि सोनाट्याची मांडणी यांचे मिश्रण, म्हणतात. बीथोव्हनच्याच 'फ्यूर एलीझे' या पियानो-रचनेतही मुख्य धून अशीच परत परत येते, तरी तिला मात्र साधा रोंडो मानतात. केवळ ऐकून हा फरक कशावरून ठरवावा?

प्रतिसाद १
मुख्य धून किती वेळा परतते, हे तूर्त बाजूला ठेवून मधल्या खंडांकडे लक्ष द्यावे. 'फ्यूर एलीझे'चा आराखडा अ-ब-अ-क-अ असा आहे (अ म्हणजे मुख्य धून; ब आणि क म्हणजे मधले वेगळे खंड). त्यातील ब एफ मेजर या पट्टीत सुरू होतो आणि एकदा सरला की पुन्हा भेटत नाही. 'पॅथेटिक'चा आराखडा अ-ब-अ-क-अ-ब-अ असा आहे, आणि खरी खूण त्या दुसऱ्या ब मध्ये आहे: मूळ पट्टी सी मायनर असताना पहिला ब ई फ्लॅट मेजरमध्ये येतो, तर ए फ्लॅट मेजरमधील क संपून मुख्य धून परतल्यानंतर तोच ब सी मेजरमध्ये, म्हणजे मूळ आधारस्वरावर उतरतो. आधी दुसऱ्या पट्टीत मांडलेली कल्पना पुढे मूळ स्वरावर आणणे हे सोनाट्याचे वळण आहे. साध्या रोंडोला त्याची गरज नसते.

प्रतिसाद २
वरील विवेचन पटले, पण उलट बाजूही सांगायला हवी. सोनाटा-रोंडोमध्ये पहिल्या ब नंतर मुख्य धून लगेच मूळ पट्टीत परतते, तर निव्वळ सोनाट्याच्या मांडणीत संगीत मूळ पट्टीपासून दूरच राहून विस्ताराकडे, म्हणजे आधीच्या कल्पना फुलवणाऱ्या भागाकडे, वळते. नावावर मात्र फार विसंबू नये. मोझार्टच्या के. ३३१ (के. हा त्याच्या रचनांच्या सूचीतील क्रमांक) या सोनाट्याचा तुर्की धाटणीचा शेवटचा भाग सर्वत्र रोंडो म्हणून ओळखला जातो, परंतु त्यात सर्वाधिक वेळा परतणारा खंड आरंभीचा ए मायनरमधला नसून त्यानंतरचा ए मेजरमधला, सप्तकांनी (एकच स्वर खालच्या-वरच्या सप्तकांत एकत्र वाजवून) दणाणणारा आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आता 'पॅथेटिक'मधला दुसरा ब स्पष्ट ऐकू आला. पण समाप्तीच्या जरा आधी पुन्हा ए फ्लॅट मेजर का डोकावते?

प्रतिसाद १
तो क खंड नव्हे. मुख्य धुनीचाच तुकडा तेथे क च्या पट्टीत, हळू आवाजात येतो, त्यामुळे शेवट लांबणार असे वाटते; तेवढ्यात सी मायनरची उतरती स्वरावली जोरात कोसळते आणि भाग संपतो.