रजा मिळाली, आता स्वस्थ बसायचं कसं?

निशाचर_कोथरूड
नमस्कार मंडळी. वय ४३, हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे, क्लायंट शिकागोचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर मागे जातं आणि आमची साडेसातची मीटिंग साडेआठला सरकते. म्हणजे ऐन थंडीत जेवायला दहा. दिवाळीनंतर लॅपटॉप उघडायला हातच जात नाही. ताप नाही, काही नाही. कामात चुका वाढल्यात आणि त्या दिसूनही काही वाटत नाही, हे जास्त खुपतं.

ख्रिसमसला तिकडे सगळं थंड असतं, म्हणून तेव्हापासून संक्रांतीपर्यंत रजा टाकली. चक्क मंजूर झाली! आता घरातले सगळे माझ्या रजेचं नियोजन करतायत. नवरा म्हणतो रोज पहाटे वेताळ टेकडी. भावजयीचं हुरड्याचं ठरलंय. सासूबाई म्हणाल्या, "घरीच आहेस तर माळा आवरून घेऊ." शिवाय लग्नं.

इंग्रजी लेख सांगतात, हिवाळ्यात निसर्ग झोपतो, तुम्हीही झोपा. आपल्याकडे कुठे झोपतो? ज्वारी हुरड्यात येते ती याच दिवसांत. बर्फ पडला, बाहेर पडता येत नाही, असं निमित्तही पुण्यात नाही. माथेरान वगैरे सुचवू नका, मुलीची दहावीची प्रिलिम आहे.

ओपीडी_संपली
आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, टीएसएच, बी१२, ड जीवनसत्त्व, साखर. शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही सांगा. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच गळून जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद घेतली, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. थकवा, कामाबद्दल तुटलेपण, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. तुमचं 'काही वाटत नाही' हे त्यातलं दुसरं. मात्र मुलीशी बोलतानाही तसंच होत असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर कधीही लावता येतो.

झोपा हवं तितकं. उठल्यावर मात्र चहा गच्चीत, उन्हात घ्या. रात्रीच्या मीटिंगांनी बिघडलेलं झोपेचं चक्र उजेडाने सावरतं.

सदाशिव_पेठी
आपल्याकडे थंडीत झोपायला नाही, खायला सांगितलंय. हेमंतात अग्नी प्रबळ असतो. धुंधुरमास करा: सूर्योदयाला बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी. अंगाला तिळाचं तेल. आणि दुपारी एक ते चार झोप. त्याची टिंगल करणारेच आता तिला पॉवर नॅप म्हणतात.

निशाचर_कोथरूड
काका, तेल आणि दुपारची झोप मान्य. पण डिसेंबरअखेर सूर्य सातला उगवतो. तोवर भाकरी पानात हवी, तर ती थापणारीने कधी उठायचं?

लकडीपूल
काकांना याचं उत्तर सुचायचं नाही, म्हणून मी लिहिते. तुमची अडचण थंडी नाही, 'घरीच आहेस तर' ही आहे. मी अशीच रजा घेतली होती तेव्हा आधी डबा लावला. घरात सांगितलं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. या गावात डॉक्टरांच्या नावावर सगळं खपतं. (तुम्हाला तर वर खरोखरच सांगितलंय.) ऑफिसचं ॲप फोनवरून काढून टाकलं.

सुरुवातीला नुसती झोपले. कुणाशी बोलायचीही इच्छा नव्हती. मग एका दुपारी चक्क कंटाळा आला. माझ्या मते बरं वाटायला लागल्याची ती पहिली खूण. टेकडी, हुरडा, जे काय असेल ते त्यानंतर. त्याआधी कुणी हुरड्याला नेलं असतं तर मी तिथे कणसं मोजत बसले असते.

आणि परत रुजू होण्याआधी मॅनेजरशी मीटिंगचं बोला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती आपोआप साडेसातला येईल, पण तोवर आठवड्यातले दोन दिवस तरी दुसऱ्या कुणाला बसवा. नाहीतर ही सगळी झोप जानेवारीअखेर संपलेली असेल.

निशाचर_कोथरूड
मॅनेजरला आजच मेल टाकते, रजा सुरू व्हायच्या आत. रक्त उद्या सकाळी. डब्याचं घरात काढलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या पोळ्या जाड असतात." डहाणूकर कॉलनीकडे पातळ पोळ्या आणि कमी तेलाची भाजी देणारं कुणी माहीत आहे का?