काळ ओलांडून प्रेमात पडणाऱ्या कादंबऱ्या : तुम्हाला चालतात का?

दिवाडची_मावशी
काल फेरीबोटीत भाची मोबाईलवर 'आउटलँडर' वाचत होती. धक्का कधी आला तिला कळलंच नाही. महायुद्धानंतरची नर्स एकदम 1743च्या स्कॉटलंडमध्ये जाते आणि तिथल्या गड्याशी लग्न करते, ती गोष्ट. मला विचारते, "मावशी, तू कुठल्या सालात जाशील?"

मला आई आठवली. ती वाचनालयातून 'स्वामी' परत परत आणायची, पण पेशवे थेऊरला पोचले की पुस्तक मिटायची आणि मला परत करायला धाडायची. "फुडलें म्हाका खबर आसा." 1772त माधवराव जातात, रमाबाई सती जातात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. तिला ते पानावर नको असायचं. मी मात्र परत करायला जाताना रस्त्यात उभ्याउभ्या शेवटची पानं वाचून टाकली होती.

तुमचं काय? लिहा.

पोदेर_आला
इतिहास पाहिजे. लफडी नकोत. तिकडे पाय टेकतोय तोच लग्न! घरी नवरा आहे ना हिला?

हुमण_शीत
आहे की. दोनशे वर्षं पुढे बसलाय, धरायला कसा येणार 😄 थांबा, कुकर.

फोंडेकार
ती गोव्यात उतरली असती तर? त्या पुस्तकात दंडावरच्या देवीच्या लसीच्या वणाला सैतानाची खूण म्हणतात. इथे तर 1743त इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, चालू (1560 ते 1812). माझ्या दंडावर रुपयाएवढा वण आहे. मी मिळेल त्या होडीनं फोंडा गाठला असता, 1763पर्यंत तिथे पोर्तुगीज नव्हते.

पोदेर_आला
म्हणजे देवांच्या वाटेनं. मंगेशही पोर्तुगीजांपासून वाचायला कुठ्ठाळीहून फोंड्यातल्या प्रियोळला 1560तच आला.

माटोळी
मला प्रेम चालतं, भाषा खटकते. पेशवाईतल्या कादंबऱ्यांत वाढपीसुद्धा पल्लेदार बोलतो. आमचे आजोबा हिशेब पोर्तुगीजमध्ये करायचे, पत्रं मराठीत लिहायचे, शिव्या कोकणीत द्यायचे. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, पैसे देताना तिन्ही एकदम. असा माणूस कादंबरीत भेटला तर मी रात्रभर वाचेन. (पोदेर_आला, तुम्हाला नाही हं.)

हुमण_शीत
आले. भात लागला. ह्या धाग्यामुळेच.

सांज
जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा वाचा. प्राध्यापक अशा जगात जातात जिथे 1761ला मराठे जिंकलेत. रोमान्स शून्य.

पोदेर_आला
हे आपलं!

फोंडेकार
जिंकायची हौस तेवढी. मावशी, तुमच्या आईला द्यायला हवी होती ही.

माटोळी
दिवाडची फेरी रात्री कितीपर्यंत असते?

सांज
कुठली? जुन्या गोव्याची की नार्व्याची?

दिवाडची_मावशी
आईनं ती वाचली असती का कोण जाणे. तिला माधवरावांना वाचवायचं नव्हतं, फक्त जाताना बघायचं नव्हतं.

भाचीला कुणीतरी सांगून टाकलंय की पुढच्या भागात कल्लोडनची लढाई येते, 1746, आणि तिचे हायलँडर हरतात. मला म्हणते, "त्या बाईला आधीच ठाऊक आहे, तर थांबवत का नाही?" म्हटलं, वाच. तर मोबाईल पालथा घालून नारळ किसायला बसलीय. न सांगता.

माटोळी
नार्व्याची. चतुर्थीचं सामान आहे बरोबर.