त्या बंदुकीचं काय झालं?
'नवराबायकोच्या कथांमध्ये स्वप्न बायकोचं असतं आणि नवरा म्हणजे तिच्या वाटेतला धोंडा' असं मत कथांमधल्या बायकांच्या अपुऱ्या स्वप्नांवरच्या या चर्चेत वर मांडलं आहे, ते मला अर्धंच पटलं. बायकांची घुसमट लघुकथेने जीव ओतून मांडली, यात वाद नाही. पण नवऱ्याची स्वप्नंही तिथे असतात. ती एखाद्या ओळीत येऊन जातात आणि वाचताना आपल्या हातून निसटतात.

फ्रेंच लेखक मोपासाँची 'नेकलेस' (१८८४) ही कथा घ्या. मातिल्दची श्रीमंतीची हौस सगळ्यांच्या लक्षात राहते. ती मेजवानीसाठी पोशाख हवा म्हणून ४०० फ्रँक मागते, तेव्हा नवऱ्याचा चेहरा किंचित उतरतो. नेमके तेवढेच पैसे त्याने बंदुकीसाठी साठवलेले असतात, उन्हाळ्यात रविवारी मित्रांबरोबर चंडोलांच्या शिकारीला जायचं म्हणून. तो 'बरं, देतो' म्हणतो आणि विषय संपतो. त्या बंदुकीचा पुन्हा उल्लेखच नाही! पुढे मेजवानीसाठी बायकोने मैत्रिणीकडून उसना आणलेला हार हरवतो, तेव्हा तो भरून द्यायला वडिलांनी ठेवलेले १८,००० फ्रँकही नवरा त्यातच घालतो आणि रात्री जागून पैशांसाठी नकला उतरवत बसतो. कर्ज फिटायला दहा वर्षं लागतात.

अमेरिकी लेखक ओ. हेन्रीच्या 'गिफ्ट ऑफ द मॅजाय' या कथेत एकमेकांना भेट देण्यासाठी आपापली लाडकी गोष्ट विकणाऱ्या जोडप्याला निदान एकमेकांनी काय गमावलं ते कळतं. इथे बायकोला त्या बंदुकीबद्दल कधी कळलं, असं कथेत कुठेच येत नाही. मला तर हार खोटा निघतो त्या शेवटापेक्षा ही न झालेली शिकार जास्त लागते. या धाग्यावर बायकांच्या अपुऱ्या स्वप्नांची यादी छान जमली आहे, तिच्या शेजारी अशा निसटत्या ओळीही कुणी शोधून टाकल्या तर फार आवडेल.