गिरिराज कोंबड्या अंडी देईनात, पिसंही झडतायत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धायरीत आमचं बैठं घर आहे, मागे आंब्याखाली खुराडं. त्यात दोन गिरिराज, एक कडकनाथ आणि एक गावठी. गिरिराज आता तीन वर्षांच्या होतील, बाकीच्या दोघी बऱ्याच लहान. दसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. दिवाळीपासून गिरिराजचं एकही अंडं नाही. त्यातल्या भुरीची (नाव लेकीने ठेवलंय) मानेवरची, पाठीवरची पिसं इतकी झडलीत की बघवत नाही. तुरा फिकट पडून आक्रसलाय. पायांवरचे खवले उचकटल्यासारखे, पांढरट झालेत. खाणंपिणं मात्र झकास.

सकाळी लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), दुपारी उरलेला भात-भाकरी, संध्याकाळी मक्याचा भरडा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत.

सासूबाईंच्या मते अंडं न देणारी कोंबडी म्हणजे रविवारचा रस्सा. लेक त्यावर ताटावरून उठते. तर हा आजार की वय? अंडी पुन्हा सुरू होतील का? नाही झाली तर या अजून किती जगतील? आणि नवीन पिल्लं आणायची तर कोणत्या जातीची?

प्रतिसाद

आजार वाटत नाही, पिसं बदलतायत. थंडीच्या तोंडाला हे होतंच. दिवस लहान झाला की अंडी आपोआप कमी होतात. भरपूर अंड्यांसाठी १४ तासांच्या आसपास उजेड लागतो आणि डिसेंबरात पुण्याचा दिवस जेमतेम ११ तासांचा. त्यात नवीन पिसं म्हणजे बहुतेक प्रथिनंच, सगळी ताकद तिकडे जाते. दोन-तीन महिने धरा. तोवर भात कमी करा, सुकट द्या (घरात वास चालत असेल तर!) किंवा उकडलेलं अंडं कुस्करून.

वयाचं म्हणाल तर पहिल्या वर्षाइतकी अंडी आता विसरा, दरवर्षी ती घटतच जातात. पोल्ट्रीवाले लेयर कोंबडी दीड वर्षाच्या आसपास काढून टाकतात ते त्यासाठीच. मांसासाठी वाढवलेली ब्रॉयलर तर सहा आठवडेही पाहत नाही. घरी नीट सांभाळलेली कोंबडी मात्र ५ ते ८ वर्षं सहज जगते. गिरिराज अंगाने जड, तिला लठ्ठ होऊ देऊ नका.

पाय दुर्लक्षू नका. खवल्यांखाली बारीक किडे असतात आणि एकीचे दुसरीला लागतात, त्यामुळे चौघींचेही पाय करा. कोमट साबणपाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने हलकेच घासा, कोरडे करून खोबरेल तेल चोपडा. खवले ओढून काढू नका, रक्त येतं. दर आठवड्याला, नवे खवले येईपर्यंत. बसायची दांडीही धुवा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. आणखी एक, शेपटीखालची दोन टोकदार हाडं चाचपा. मध्ये दोन-तीन बोटं बसली तर कोंबडी अंड्यावर आहे, लपूनही घालत असेल. जेमतेम एकच बसलं तर बंद.

पिल्लांसाठी खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा. अंड्यांसाठीच हवी असतील तर ग्रामप्रिया घ्या. कडकनाथ दिसतो रुबाबदार, पण अंडी बेताचीच. असील नकोच, ती झुंजीची जात, भांडून इतरांना रक्तबंबाळ करेल. पिल्लं मोठ्यांत लगेच सोडू नका आणि लेयर मॅश तर अजिबात नको. त्यातल्या जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. अंड्यावर येईपर्यंत, म्हणजे निदान १८ आठवडे, त्यांचं खाद्य वेगळं. मानमोडी (राणीखेत) रोगाची लस पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडून करून घ्या.

धागाकर्ती

खूप आभार! आत्ताच चाचपलं. भुरीला एकच बोट, दुसरीला चक्क दोन बसली. म्हणजे ती बया कुठेतरी घालतेय, आता अडगळ उपसते. सुकटीला सासूबाई एका पायावर तयार आहेत. एक राहिलं, राखेत लोळायला टोपली ठेवलीय, त्यात कडुनिंबाचा पाला वाळवून घालायचा की ओला चालतो?