मदत हवी आहे : ओर्तेगाच्या ‘परिस्थिती’ला मराठी शब्द कोणता?

नमस्कार मंडळी, ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्ववेत्त्यावर टिपण लिहितेय. त्याचं १९१४ मधलं प्रसिद्ध वाक्य : ‘मी म्हणजे मी आणि माझी परिस्थिती, तिला वाचवलं नाही, तर मीही वाचत नाही.’

‘परिस्थिती’पाशीच अडलेय. ‘घरची परिस्थिती नव्हती, म्हणून शाळा सुटली,’ असं माझी आई सांगते. तिथे तिचा अर्थ गरिबी, नाइलाज. ओर्तेगाला मात्र माणसाभोवतीचं सगळंच अभिप्रेत आहे. माणसाला ठरलेली प्रकृती नसते, इतिहास असतो. म्हणूनच पुढचं पाऊल त्याला स्वतःच ठरवावं लागतं, असं तो मानतो.

‘भोवताल’मध्ये इतिहास येत नाही, ‘प्राक्तन’मध्ये स्वातंत्र्य उरत नाही. तत्त्वज्ञान शिकवणारं किंवा स्पॅनिश जाणणारं कुणी दुसरा शब्द सुचवेल का?