प्रतिसाद: बीमला नुसता नवा थर देऊन ताकद वाढेल का?

वर विचारलंय की बीमच्या खाली आणि बाजूंना १०० मिमी काँक्रीट वाढवलं, चार सळया जास्त टाकल्या, की काम झालं का. माझं मत, सगळा खेळ जुन्या-नव्याच्या सांध्यात आहे. सांधा सरकला तर दोन वेगळे बीम उरतात, एक जाड बीम नाही.

म्हणून आधी प्लास्टर, पोकळ वाजणारं काँक्रीट आणि सळईवरचा गंज काढा. पृष्ठभाग असा टोचा की खडी उघडी पडून साधारण ६ मिमीचा खडबडीतपणा हाताला लागेल. धूळ पूर्ण जाऊ द्या. ओतण्याआधी जुनं काँक्रीट आतून ओलं, वरून मात्र कोरडं हवं. साचलेलं पाणी चिकटपणा मारतं. शिअर कनेक्टर, म्हणजे जुन्या-नव्या थराला एकमेकांवर सरकू न देणारे सळईचे तुकडे, जुन्या काँक्रीटला भोकं पाडून इपॉक्सीत (घट्ट चिकटवणाऱ्या रसायनात) बसवा.

आणि टेकू! ते न देता, भार न उतरवता थर दिलात, तर असलेला भार जुनाच बीम वाहतो, नव्या सळया फक्त पुढे येणाऱ्या भाराला कामी येतात. हे फार जण विसरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नव्या सळयांची टोकं कॉलममध्ये नीट अँकर केलीत, म्हणजे आत रोवून घट्ट बसवलीत ना, तेही बघा.