मागचा एक स्पीकर गप्प, दुसरा खरखरतो

मागचीसीट:
बाबांची 2004 ची सेडान आता मी चालवते. मागच्या काचेखालच्या फळीतला उजवा स्पीकर पूर्ण गप्प आहे. डावा खड्ड्यात खरखरतो, मध्येच बंद पडतो आणि दार आपटलं की परत वाजतो. फेडर (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटणारं बटण) पूर्ण मागे नेला तरी उजवीकडे शांतताच. पुढचे दोन्ही छान वाजतात. आई कायम मागे बसते आणि तिला जरा कमी ऐकू येतं, म्हणून मागचे वाजायलाच हवेत. मेकॅनिकने न बघताच "सगळं नवीन टाका" म्हटलं. पण स्टिरिओ बाबांनी जपलेला, मूळचा आहे, तो काढायचा नाही. दोष नेमका कुठे आहे हे घरी कसं शोधू? मल्टिमीटर आहे.

तांबडीतार:
दोघांची लक्षणं वेगळी आहेत, तेव्हा दोषही बहुधा दोन असतील. डिकीतून हात घालून दोन्ही कनेक्टर काढा आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने ओहम (विजेला होणारा रोध) मोजा. 4 ओहमचा धड स्पीकर साधारण 3 ते 4 दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल (आतली तारेची गुंडाळी) तुटली. मग 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, चालू स्पीकर 'टक्' करतो. शेवटी उजवीकडची वायर डाव्या स्पीकरला जोडा. स्वच्छ वाजला तर त्या बाजूची वायर आणि स्टिरिओ दोन्ही ठीक.

रात्रपाळी:
वायरींना हात लावण्याआधी स्टिरिओ बंद करा, हे विसरू नका. स्पीकरची काळी वायर म्हणजे अर्थिंगची (गाडीच्या बॉडीला जोडलेली) तार नव्हे. बहुतेक कार स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारांवर 6 व्होल्टच्या आसपास असतात. चालू असताना एखादी तार बॉडीला लागली तर स्टिरिओतला आयसी (स्पीकर वाजवणारी चिप) जळू शकतो. आणि दार आपटल्यावर आवाज येतो म्हणजे कुठेतरी जोड सैल आहे. दाराखालच्या पट्ट्या उचलून वायर शेवटपर्यंत बघा.

मागचीसीट:
रविवारी सगळं केलं. उजव्यावर मीटर काही दाखवत नाही, सेलनेही टक् नाही. त्याची वायर डाव्याला लावली तर तो सुरेख वाजला! डावा स्वतः 3.6 ओहम. त्याच्या वायरला डाव्या पट्टीखाली नुसत्या पिळून टेप गुंडाळलेला जोड सापडला. टेप चिकट होऊन सरकलेली, तांबं हिरवं पडलेलं. तेवढा भाग कापून सोल्डर केलं, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली. आता खड्ड्यातही खरखर नाही. उजवा एकटाच नवा घेऊ का?

तांबडीतार:
जमलं तर जोडी घ्या, डावा-उजवा आवाज सारखा राहतो. ओहम जुन्याइतकेच ठेवा. स्पीकरच्या मागे किती खोल जागा आहे ते आधी मोजा, काही सेडानमध्ये डिकीच्या झाकणाच्या स्प्रिंगच्या सळया मॅग्नेटला अडतात. बसवताना प्लस-मायनस तपासा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावला की स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) बाहेर यायला हवा. एका बाजूला तारा उलट लागल्या तर दोन्ही वाजतील, पण बेस गायब होईल.